हेरिंगची पाठ

सोल्वायचा दिवस पहाटे चारला दहा कमी असताना सुरू व्हायचा. गजर ती लावत नसे. कॉफी, राय पावाच्या दोन चकत्या, एकीवर चीज आणि दुसरी कोरडी, मग सायकल. वारा समोरून असेल तर चौदा मिनिटं, पाठीमागून असेल तर सात. पाचला ती मासळीच्या कारखान्यात मासे कापायच्या फिरत्या पट्ट्यासमोर उभी असे आणि दुपारी एकला सुटे. सव्वीस वर्षं तिने हेच केलं. एवढ्या वर्षांत तिला तीनदा उशीर झाला. त्यातला एक दिवस वादळाचा होता, तो ती धरत नसे.

मी तिच्या शेजारी राहतो. मधे एक कुंपण आहे, तेही वाऱ्याने माझ्या बाजूला झुकलेलं. मी एकतीस वर्षं पवनचक्क्यांची पाती घडवली. साच्यात काचेचं कापड अंथरायचं, त्यात रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट द्रव, ओढून घ्यायचं, घट्ट झालं की पातं उचलायचं. शेवटी शेवटी माझ्या हातांवर आणि पापण्यांवर चट्टे उठायला लागले. डॉक्टर म्हणाली, ओल्या रेझिनच्या जवळपासही जायचं नाही, कधीच. सुकलेलं चालतं. तेव्हा मी निवृत्त झालो.

म्हणून सोल्वायने रेझिनचं काम सुरू केलं तेव्हा मी तिच्या धुण्याच्या खोलीत कधी पाय ठेवला नाही. ती खिडकीची वरची झडप उघडायची, मी बाहेर वाऱ्यात उभा राहून बोलायचो. नऊ वर्षं आमचं बोलणं असंच झालं. आमच्या थिबोरन गावात लोकांना आधी ते विचित्र वाटलं. मग सवय झाली. माझी टोपी तिच्या खिडकीपाशी दिसली की लोक म्हणायचे, ओर्ला ड्यूटीवर आहे.

तिला मी शिकवलं ते थोडं होतं. माप डोळ्यांनी घ्यायचं नाही, काट्यावर घ्यायचं. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर घड्याळ लावून चार मिनिटं ढवळायचं, सावकाश, नाहीतर हवा शिरते. भांड्याच्या कडा खरवडायच्या. खोली बावीस अंशांवर ठेवायची. टेबल पाणसळीत हवं, एका मिलिमीटरचाही फरक नको. दोन जोड हातमोजे, आणि फाटले तर स्पिरिटने हात पुसायचे नाहीत, साबणाने धुवायचे. आमच्या कारखान्यात सगळे स्पिरिटने पुसायचे. त्याचा परिणाम मी माझ्या हातांवर घेऊन फिरतो आहे.

बाकीचं तिने स्वतः शोधलं. पहिली दोन वर्षं ती रेझिनमध्ये शिंपले घालून कपाखालच्या चकत्या करायची आणि रस्त्यावरच्या पेटीत विकायला ठेवायची. त्या चकत्या ती आता कोणाला दाखवत नाही. मग तिने मासे रंगवायला घेतले.

ती पद्धत अशी. जुन्या लाकडी मासळीच्या पेटीत तळाशी आधी सावली रंगवायची. मासा अजून नसतो, फक्त सावली असते. वर तीन मिलिमीटर रेझिन. ते सुकायला एक दिवस. मग बारीक काचपेपरने ओलं घासायचं, पुसायचं, धुळीचा एक कण राहू द्यायचा नाही, आणि त्या थरावर माशाच्या खालच्या कडा रंगवायच्या, पोटाची रेघ, खालचा पर. पुन्हा रेझिन. पुन्हा एक दिवस. पुढच्या थरावर अंगाचा फुगवटा, त्याच्या वर कल्ला, मग खवले, एकेक, तीन केसांच्या ब्रशने. सगळ्यात शेवटी डोळा. अकरा थर झाले की वरून बघणाऱ्याला पेटीत मासा दिसतो. हात घालून उचलावा असा. प्रत्यक्षात तिथे रंगाचे अकरा पापुद्रे असतात, एकमेकांना न शिवणारे.

एका पेटीला तीन महिने लागत. घाई केली आणि थर जाड ओतला तर रेझिन आतून तापतं आणि तडकतं. तिने एकदाच तसं केलं. ती पेटी तिने कोयता घेऊन फोडली आणि शेकोटीला न घालता कचऱ्यात दिली, कारण ते जाळायचं नसतं. एवढं तिच्या लक्षात होतं.

गावाने तिचे हेरिंग मासे डोक्यावर घेतले. बंदरावरच्या लिलावाच्या खोलीत एक पेटी आहे, मच्छीमारांच्या क्लबात एक. बोटींवरची जुनी माणसं त्यावर ओणवी होऊन खवले मोजायची. तिचा नवरा क्रेस्टन मासेमारीच्या ट्रॉलरवर असतो, दोन आठवडे समुद्रात आणि एक घरी. एकदा क्लबात नशेत असलेल्या एकाने पेटीतल्या हेरिंगवर लिंबू पिळलं. क्रेस्टनने ते सगळ्यांना सांगितलं. बायकोची याहून मोठी स्तुती त्याच्या तोंडून कोणी ऐकली नाही.

सोल्वायला जागा हवी होती. धुण्याच्या खोलीत एक टेबल मावतं आणि थंडीत त्याच्याशेजारी कपडे वाळत असतात. बंदरावर जुन्या दोरखंडाच्या दुकानावर जाळ्यांचा माळा आहे, एके काळी तिथे जाळी विणायचे. उत्तरेला चार खिडक्या. तो रिकामा झाला होता. मोठं टेबल टाकायचं, पट्ट्यावरची पाळी अर्धी करायची, सहा जणांना शिकवायचं, आणि मोठी कामं घ्यायची, असं तिच्या मनात होतं. दोन वर्षं ती दर महिन्याच्या पगारातून थोडं बाजूला काढत होती. अनामत, जमिनीची दुरुस्ती आणि हीटर, तिन्हींना पुरेल एवढं साठलं होतं. मी पाणसळ घेऊन माळ्यावर गेलो. चार मीटरमध्ये अकरा मिलिमीटर उतार. मी म्हणालो, पाचर मारून निघेल. ती माझ्या मागे मागे चालत होती आणि जिथे टेबल येणार तिथे जाता-येता दोन्ही वेळा, टेबल असल्यासारखी, वळसा घालून गेली.

मोठं कामही चालून आलं. उत्तरेला दोन तासांवर किनाऱ्यावर एक समुद्रकेंद्र उभं राहत होतं. तिथल्या विबेके नावाच्या बाईने लिलावाच्या खोलीतल्या पेटीचा फोटो बघितला होता. त्यांना दालनाच्या मधोमध बंदरातल्या पाण्याचा एक तुकडा हवा होता. सव्वा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, तेरा सेंटीमीटर खोल. लोक वरून वाकून बघतील आणि खाली हेरिंगचा थवा असेल, चोवीस मासे. नमुना म्हणून पाच माशांची एक पेटी आधी पाठवा, असं त्यांनी कळवलं. ते काम मिळालं तर माळा घ्यायला अर्थ होता. नाही मिळालं तर माळ्याचं भाडं पट्ट्यावरच्या पूर्ण पगारातूनच जाणार होतं, आणि मग तिथे काम करायला वेळ उरणार नव्हता.

ऑक्टोबर ते जानेवारी तिने ते पाच हेरिंग केले. मी ती पेटी खिडकीतून चाळीसेक वेळा पाहिली. दोन बुडबुडे आणि ब्रशचा एक केस मला सापडला. तिने तो थर घासून काढला. त्यानंतर मला काही सापडलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विबेके स्वतः आली. छोटी गाडी, वाळूत न चालणारे बूट. रेझिन सुकलेलं असल्यामुळे मीही स्वयंपाकघरात बसलो होतो. क्रेस्टन घरी होता. कॉफी झाली, केक झाला. मग सोल्वायने पेटीवरचं फडकं काढलं.

विबेके बराच वेळ वाकून बघत राहिली. खवल्यांविषयी बोलली. एका माशाच्या डोळ्यात जाळ्याच्या दाबाने रक्त उतरलेलं होतं, ते तिला विशेष वाटलं. मग ती सरळ उभी राहिली.

“एक विचारू का? हे मेलेले आहेत ना?”

क्रेस्टन हसला. “बाई, पेटीत आहेत ते. पेटीत काय पोहणार?”

“तसं नाही,” विबेके म्हणाली. “आम्हाला बंदरातलं पाणी हवंय. लोक वरून बघणार. पाण्यातल्या माशाची वरून पाठ दिसते. हे सगळे कुशीवर आहेत.”

मी पेटीकडे पाहिलं. पाच हेरिंग, पाचही आडवे. मी त्यात केस शोधला होता.

आमच्या गावात मासा असाच दिसतो. डेकवर आडवा, बर्फात आडवा, पट्ट्यावर आडवा, ताटात आडवा. लिलावाच्या खोलीतल्या, क्लबातल्या, कारखान्यातल्या एकाही माणसाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. सोल्वायच्या हाताखालून सव्वीस वर्षांत किती हेरिंग गेले असतील ते मी मोजायला बसत नाही. त्यातला एकही जिवंत नव्हता.

“हो,” सोल्वाय म्हणाली. “मेलेले आहेत.” आणि तिने विबेकेचा कप पुन्हा भरला.

विबेके सरळ बाई होती. तिने सांगितलं की मे महिन्याअखेर जिवंत थव्याची रेखाटनं आली आणि पटली, तर काम सोल्वायचंच. नाहीतर ऑर्हूस शहरातला एक माणूस प्लॅस्टिकचे मासे ओतून द्यायला तयार आहे. दालन ऑक्टोबरच्या सुट्टीत उघडणार, ती तारीख हलणार नाही. जाताना तिचे बूट वाळूत रुतले आणि क्रेस्टनने गाडीला धक्का दिला.

सोल्वायने आधी फोनवर बघायचा प्रयत्न केला. तीन आठवडे रोज संध्याकाळी. सगळी चित्रं बाजूने घेतलेली, काचेच्या टाकीबाहेरून नाहीतर पाण्याखालून. वरून हेरिंग कोणी टिपला नव्हता. मग तिने क्रेस्टनला विचारलं, की एवढी वर्षं समुद्रावर आहेस, पाण्यात हेरिंग वरून कसा दिसतो?

क्रेस्टनने विचार केला. खरोखर केला, पाव खाता खाता थांबून. “हेरिंगची पाठ कोण बघतं गं? पाठ दिसली म्हणजे तो अजून आपला झालेला नाही. आपला झाला की कुशीवर असतो.”

एप्रिलच्या शेवटी हेरिंग खाडीच्या तोंडाशी येतात आणि जूनच्या मध्यापर्यंत असतात. होड्यांच्या गोदीत तरंगता धक्का आहे, त्याच्याभोवती थवे फिरतात. पण आमच्याकडे पाणी शांत असतं ते सकाळी. अकरानंतर वारा उठतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि खालचं काही दिसत नाही. सकाळी सोल्वाय पट्ट्यावर. सुट्टीचे दिवस कारखान्याने जुलैत बांधून ठेवलेले, तीन आठवडे सगळे एकदम. म्हणजे बिनपगारी रजा.

ती मुकादमाकडे गेली. प्रेबेन तिच्याहून दहा वर्षांनी लहान आहे आणि तिनेच त्याला सुरी धरायला शिकवली होती. तिने सात आठवडे मागितले. त्याने कारण विचारलं, तिने सांगितलं.

“सव्वीस वर्षं मासे बघून पोट भरलं नाही तुझं?”

“हे वेगळे.”

“काय वेगळं?”

“हलतात.”

प्रेबेनने ते दिवसभर सगळ्या पट्ट्याला ऐकवलं, आणि रजेचा कागद सही करून तिच्या कपाटाला चिकटवला.

अडचण रजेची नव्हतीच. बंदर कचेरीने माळ्यासाठी हो-नाही कळवायला एक एप्रिल ही शेवटची तारीख दिली होती. दुसराही एक माणूस मागत होता. आणि सात आठवडे घराचे हप्ते, वीज, जेवण, हे ज्या पैशांतून चालणार होतं ते माळ्यासाठी साठवलेलेच पैसे होते. क्रेस्टनचा त्या वर्षीचा हंगाम वाईट होता, त्याच्याकडून ओढून काढण्यासारखं काही नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी ती खोलीत रिकामं टेबल घासत होती. ओतलेलं काही नव्हतं, तरी मी सवयीने बाहेरच उभा राहिलो. मी तिला माझं मत सांगितलं. मी हिशेबी माणूस आहे. जागा हातची सोडू नये. हेरिंग काय, दरवर्षी येतात.

“माळा घेऊन त्यात काय करू?” ती म्हणाली. “आणखी मेलेले?”

“लोकांना आवडतात ते.”

“तुलाही आवडले होते, ओर्ला.”

ती चिडून बोलली नाही. काचपेपर उलटा केला आणि घासत राहिली. मी टोपी खाली ओढली आणि घरी आलो. एक एप्रिलला तिने बंदर कचेरीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो फोन एका मिनिटाचा होता.

मी तिला बघण्याची नळी करून दिली. बादलीचा तळ कापायचा, तिथे जाड पारदर्शक पत्रा सिलिकोनने बसवायचा. पाण्यावर दाबून धरली की वरची चमक जाते आणि खालचं दिसतं. सिलिकोन मला चालतं. दोन दिवस लागले, कारण पहिली गळत होती.

चोवीस एप्रिलला ती पहाटे पाचला तरंगत्या धक्क्यावर पोटावर पडली. खाली जुनी घोंगडी, अंगावर क्रेस्टनचा तेलकट कोट, एका हाताने नळी, दुसऱ्या हाताशी वही. अकराला वारा उठला की ती उठायची. पहिले आठ दिवस वहीत काहीच नव्हतं. हिरवं पाणी, आणि त्यात काहीतरी सरकल्याचा भास. मी सातला तिच्यासाठी कॉफी न्यायचो. तिला काय दिसतं ते मी विचारत नसे. दिसलं असतं तर ती बोलली असती.

येणारे जाणारे थांबायचे. कोणी म्हणालं, अंगठी पडली का पाण्यात. कोणी म्हणालं, क्रेस्टन समुद्रावर आहे, तिथे खाली नाही. पट्ट्यावरच्या दोघी सुट्टीच्या दिवशी सकाळी मुद्दाम आल्या आणि म्हणाल्या की प्रेबेनने निरोप दिलाय, मासे हलायचे थांबले की कामावर ये. ती हसली नाही, रागावलीही नाही. त्यांना नळी देऊन म्हणाली, बघा. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, काही नाहीये.

नवव्या दिवशी मी कॉफी ठेवली तेव्हा ती डोकं वर न काढता म्हणाली, “आहेत.”

“कुठे?”

“सगळीकडे. पहिल्यापासून होते.”

मग तिने मला खाली बसवलं. माझे गुडघे त्या कामाचे नाहीत, पण बसलो. नळीतून मला हिरवं पाणी दिसलं. ती सांगत गेली तसं थोडं थोडं दिसायला लागलं. हेरिंगची पाठ पाण्याच्याच रंगाची असते, तसूभर गडद. चांदी वरून दिसतच नाही. एखादा कलला तर एक क्षण लकाकतो आणि लगेच विझतो. डोळे दिसत नाहीत. दिसतं ते मासे नव्हेत, त्यांच्यामधलं अंतर. प्रत्येकजण शेजाऱ्यापासून अर्ध्या अंगावर, एकमेकांना न लागता, आणि वळले की ते अंतरही सगळं मिळून वळतं. मला शेवटी दोन दिसले असतील. तिला तोवर पन्नास दिसत होते.

पुढच्या चार आठवड्यांत तिने तीन वह्या भरल्या. पाऊस असेल त्या दिवशी ताडपत्री घेऊन पडायची. कोपरांना घट्टे पडले, ते तिने कुणाला दाखवले नाहीत, बाही वर गेली तेव्हा मला दिसले. मे महिन्याच्या अठ्ठाविसाला रेखाटनं पाठवली. विबेकेचा फोन तीन दिवसांनी आला. काम तिचं झालं. त्यानंतरही उरलेल्या रजेत ती रोज पाचला धक्क्यावर जात राहिली. मी विचारलं, आता कशाला? ती म्हणाली की वळताना शेपटी आधी फिरते की खांदे, ते अजून नक्की झालेलं नाही.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत तिने काम केलं. एकला पाळी सुटायची, दोनपासून टेबलावर. आडवा मासा रंगवताना तिचे थर सुरीच्या वाटेने जायचे, फिलेसारखे, म्हणजे माशाच्या सपाट कापासारखे, आणि ती वाट तिच्या हाताला पाठ होती. पाठ वर ठेवून पोहणाऱ्या माशाचे थर पोटापासून पाठीपर्यंत चढतात. तसा काप कोणतीच सुरी घेत नाही. प्रत्येक थर तिला नव्याने शोधावा लागला. त्रेचाळीस थर. त्यात रंग कमी आणि काम जास्त. आधी दिवसाला शंभर खवले व्हायचे, आता सहा दिवस खपून पाण्याहून किंचित गडद असा एक पट्टा. क्रेस्टन घरी आला तेव्हा म्हणाला, तू आठवडाभर पाणीच रंगवलंस. ती म्हणाली, जवळजवळ.

ऑगस्टमध्ये एका दमट दिवशी खोलीचं तापमान खाली गेलं आणि एकोणतिसाव्या थरावर तेलकट साय धरली. तिने मला बोलावलं. मी काचेतून बघितलं आणि म्हणालो की पुसून जाणार नाही, पूर्ण घासायला हवं, त्याखालच्या थरापर्यंत. तिने दोन दिवस घासलं. त्या थरावरचे सात मासे गेले, ते पुन्हा रंगवले. हे काम तिने जसं केलं तसं करणारी माणसं माझ्या कारखान्यात तीन होती. त्यातला एक मी नव्हतो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्राचा ट्रक आला. धुण्याच्या खोलीचं दार चौकटीसकट काढावं लागलं.

दालन उघडल्यावरच्या रविवारी आम्ही गेलो. सोल्वाय, क्रेस्टन, मी, प्रेबेन आणि पट्ट्यावरच्या सहा बायका, दोन गाड्यांत. मधोमध ओकच्या चौकटीत ते पाणी ठेवलं होतं. प्रेबेनने वरून बघितलं.

“मासे कुठायत?”

“थांब,” सोल्वाय म्हणाली.

तो थांबला. हात पाठीमागे बांधून, पट्ट्यावर खराब माल शोधताना उभा राहतो तसा. बऱ्याच वेळाने तो खाली वाकला, मग दुसऱ्या बाजूला गेला. मग बोट न लावता मोजायला लागला. तेवीस भरले. पुन्हा मोजले, तेवीस. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने चोविसावा दाखवला नाही. बायकांपैकी एकीने विचारलं की हे आपल्याच बंदरातलं का, आणि प्रेबेन म्हणाला, नाहीतर कुठलं. परतताना गाडीत तो लोकांना हेरिंग वरून कसा दिसतो ते समजावत होता.

केंद्राने दिलेल्या पैशांत रेझिन, लाकूड आणि दार पुन्हा बसवण्याचा खर्च निघाला, वर थोडं राहिलं. विबेकेने पुढच्या वर्षी चपट्या माशांचं विचारलं आहे. सोल्वायने अजून हो म्हटलेलं नाही, ते वाळूवर कसे पडतात ते तिला आधी बघायचं आहे. जाळ्यांच्या माळ्यावर आता एक माणूस पाण्यावर उभ्याने वल्हवायच्या फळ्या भाड्याने देतो. ती पूर्ण पाळीवर आहे, अजूनही पाचला पट्ट्यासमोर असते, आणि टेबलाशेजारी अजूनही कपडे वाळतात.

माळ्यासाठी दोन वर्षं साठवलेला पगार असा संपला. त्यातून विकत आल्या त्या एकोणपन्नास सकाळी, पाच ते अकरा, तरंगत्या धक्क्यावर पोटावर पडून खाली बघण्यासाठी.